उसाचें पालाश कोठें जातें?

पांढऱ्या साखरेंत जमिनीचें असें जवळजवळ कांहींच नसतें, हें प्रथमदर्शनीं खरें वाटत नाहीं. रसायनशास्त्राची साक्ष मात्र तशीच आहे. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन; आणि हीं तिन्ही मूलद्रव्यें उसाला हवेंतून व पाण्यांतून मिळतात. मग उसानें मुळांवाटे शोषून घेतलेलें नत्र, स्फुरद आणि पालाश जातें कोठें? साखरेबरोबर तें बाजारांत जात नाहीं; कारखान्याच्या टाकाऊ द्रव्यांत मागें राहतें.

शंभर टन ऊंस गाळला म्हणजे सुमारें २८ ते ३० टन चिपाड, ३ ते ४ टन प्रेसमड आणि ४ टनांच्या आसपास मळी निघते. (खेड्यांतून प्रेसमडलाही मळीच म्हणतात, त्यामुळें पुष्कळदां घोटाळा होतो, येथें मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, चिकट पाक समजावा.) चिपाड भट्टींत जळतें. रस निवळण्यासाठीं त्यांत चुना घालतात, तेव्हां स्फुरद चुन्याशीं संयोग पावून गाळाबरोबर खालीं बसतें. म्हणून प्रेसमडमध्यें स्फुरद अधिक. पालाश, ज्याला व्यवहारांत पोटॅश म्हणतात, तें मात्र चुन्याला दाद देत नाहीं. तें रसांत विरघळलेलेंच राहतें आणि बव्हंशीं मळींत उतरतें.

मळी आंबवून मद्यार्क करतात. यीस्ट साखर खातें, पालाशास तें शिवत नाहीं. मद्यार्क काढून घेतल्यावर जें तांबूस-काळें, आंबट पाणी उरतें, त्यास स्पेंटवॉश म्हणतात. दर लिटर मद्यार्कामागें तें ८ ते १५ लिटर निघतें. पुष्कळ ठिकाणीं त्यापासून प्रथम जळाऊ वायु काढून घेतात. पालाश त्यानेंही कमी होत नाहीं. हें कच्चें पाणी कुजतांना प्राणवायु इतका ओढून घेतें कीं, गांवच्या सांडपाण्याहून तें शंभरपटींपेक्षां अधिक जड ठरतें. ओढ्यांत सुटलें तर मासे मरतात; जमिनींत मुरलें तर विहिरीचें पाणी चहाच्या रंगाचें होतें. आणि ज्या शेतकऱ्याचें पालाश त्या पाण्यांत आहे, तोच पुढच्या हंगामांत परदेशी पोटॅशचें पोतें विकत घेतो! भारतांत लागणारें म्युरिएट ऑफ पोटॅश जवळजवळ सगळेंच बाहेरून येतें. २०२२ सालीं त्याचे भाव भडकले, तेव्हां ही उलटी देवघेव अनेकांच्या ध्यानांत आली.

ती सरळ करण्याची विद्या नवी नाहीं. १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें ॲल्बर्ट हॉवर्ड यांनीं, सहकारी यशवंत वाड यांच्या साह्यानें, काडीकचरा, शेण, मूत्रानें भिजलेली गोठ्यांतील माती व राख यांचे थर रचून, ते वेळोवेळीं उलथून, सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ सालीं दोघांच्या नांवें त्याविषयीं ग्रंथ निघाला. कारखान्यांतील कंपोस्ट त्याच तत्त्वावर चालतें. प्रेसमडचे लांबलचक ढीग घालून त्यांवर स्पेंटवॉश शिंपडतात व यंत्रानें ते उलटतात. कुजण्याच्या उष्णतेनें पाणी उडून जातें, आणि कारखान्यानें ज्यांची फारकत केली होती, तीं स्फुरद आणि पालाश पुन्हां एकत्र येतात. मात्र ढिगाखालची जमीन पक्की बांधलेली हवी आणि पावसाळ्यांत काम बंद ठेवावें लागतें. खत करण्यापेक्षां पाणी संपविण्याचीच घाई असेल, तर तेंच पाणी ढिगाखालून विहिरीची वाट धरतें.

दुसरा मार्ग पाणी आटवून बॉयलरमध्यें जाळण्याचा. पालाश जळत नाहीं. तें राखेंत सांपडतें. अशा राखेपासून केलेल्या, १४.५ टक्के पालाश असलेल्या खताचा केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२१ मध्यें अनुदान-योजनेंत समावेश केला. परदेशी पोटॅशमध्यें पालाश ६० टक्के असतें. म्हणजे त्याच्या एका पोत्याचें काम करण्यास हीं चार पोतीं लागतात. दूर धाडल्यास फायदा भाड्यांतच जावयाचा. कारखान्याच्या भोंवतालच्या गांवींच तें खपावें हें सोयीचें, आणि न्यायाचेंही. परंतु जाळण्यांत नत्र व सेंद्रिय द्रव्य धुराबरोबर जातें, हा तोटा लहान नव्हे. वर्षानुवर्षें ऊंस घेऊन थकलेल्या जमिनीला त्या सेंद्रिय द्रव्याची भूक पालाशाइतकीच असते. म्हणून जेथें जागा व देखरेख आहे, तेथें कंपोस्टच बरें. क्षारपड रानांत मात्र तें किंवा राखेचें खत माती तपासून घेतल्याशिवाय घालूं नये.

राहतां राहिलें पाचट. तें कारखान्यांत जातच नाहीं. तोडणी झाली कीं फडांत पेटवून देतात, आणि त्यांतील नत्र त्याच रात्रीं हवेंत जातें. तें न जाळतां सरींत पसरावें, वर थोडा युरिया व पाचट कुजविणारें जिवाणू-संवर्धक टाकून पाणी द्यावें, म्हणजे खोडव्याच्या हंगामांतच तें कुजतें. बुडख्यांवर पडलेलें पाचट तेवढें बाजूस सारावें, नाहींतर फुटवे दबतात.