वाढत्या वस्तीचा कारभार : नवी मुंबईचा धडा

वस्ती वाढते ती कोणाची परवानगी विचारून वाढत नाही. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे साडेएकेचाळीस लाख होती. १९७१ साली ती एकोणसाठ लाख सत्तर हजारांच्या घरात गेली. दहा वर्षांत अठरा लाख माणसांची भर! एवढ्यांना घरे, पाणी आणि आगगाड्या पुरवावयाच्या कोठून, हा राज्य सरकारपुढचा प्रश्न होता.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे जोडशहर वसविण्याची कल्पना मांडली. १९६६ साली प्रादेशिक नियोजनाचा कायदा झाला आणि मार्च १९७० मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील मिळून पंचाण्णव गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश या योजनेत आला.

या योजनेची आर्थिक रीत समजून घेतली पाहिजे. सरकारने जमीन संपादन करावयाची, महामंडळाने तीवर रस्ते, गटारे, नळ घालावयाचे, आणि अशा तयार भूखंडांच्या विक्रीतून आलेल्या पैशात पुढचे काम करावयाचे. थोडक्यात, शहराने आपला खर्च आपणच भागवावयाचा. ही रीत चालली, हे मान्य केले पाहिजे. २०११ साली एकट्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांवर वस्ती होती. तेथील महापालिकेजवळ पाण्यासाठी मोरबे येथे स्वतःच्या मालकीचे धरण आहे.

परंतु यश सांगताना उणीवही सांगावयास हवी. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे जातील, ही मूळ अपेक्षा होती; मंत्रालय मात्र आहे तेथेच राहिले. वाशीचा पूल १९७३ साली झाला, पण मानखुर्दहून वाशीला आगगाडी पोहोचली ती १९९२ साली. तोवर एक पिढी एस. टी. आणि बसच्या रांगेत उभी राहिली. वस्ती आधी व वाहन मागून, हा क्रम कोणत्याही योजनेला जड जातो.

याहून मोठा प्रश्न होता तो मूळच्या आगरी, कोळी, कऱ्हाडी कुळांचा. भातखाचरे आणि मिठागरे गेली. हाती रोख मोबदला आला आणि तो संपलाही. शेजारी त्याच जमिनीचा भूखंड कितीतरी पट भावाने विकला जात होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले; उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण प्राणास मुकले. यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

हे टक्के गुंठ्यांच्या हिशेबात पाहू. एकराचे गुंठे चाळीस. प्रारंभी ज्याचा एकर गेला त्याला जमिनीतले काहीच परत मिळाले नाही. साडेबारा टक्क्यांनी त्याच्या वाट्याला पाच गुंठे आले, आणि त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी वजावट होतेच. २०२५ साली सुरू झालेल्या विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के, म्हणजे नऊ गुंठे ठरले. विमानतळाभोवतालच्या ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन २०१३ साली सिडकोकडे आले. तेथे जमिनी एकत्र करून नव्याने आखणी करावयाची आणि मालकास चाळीस टक्के, म्हणजे सोळा गुंठे, भूखंडरूपाने ठेवावयाचे, अशी परियोजना आहे. उरलेली जमीन रस्ते, बागा, शाळा यांसाठी. ही पद्धत नवी नव्हे. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यातच तिचे मूळ आहे.

शून्यापासून सोळा गुंठ्यांपर्यंतचा हा प्रवास आम्हांस रस्त्यांच्या लांबीहून अधिक बोलका वाटतो. तथापि तेवढ्याने समाधान मानता येत नाही. सोळा गुंठ्यांची किंमत त्यापर्यंत रस्ता व पाणी केव्हा येते, यावर अवलंबून असते. ‘नैना’मधील अनेक शेतकऱ्यांच्या हरकती आहेत त्या याच भीतीपोटी. आणि जुन्या गावठाणांत कुटुंबे वाढली तेव्हा गावकऱ्यांनी गरजेपोटी जी घरे बांधली, त्यांचा कायदेशीर निकाल वर्षानुवर्षे रेंगाळला. येणाऱ्यांची संख्या नकाशात धरली होती. घरातल्याच मुलांना लग्नानंतर खोली लागेल, हे धरले नव्हते.

आज पुण्याभोवती, नाशिकभोवती, आपल्या तालुक्याच्या गावाभोवतीही शेतांत खुणेचे दगड रोवले जात आहेत. अशा वेळी विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविणारी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. तिची मुदत ठरलेली असते आणि ती बहुधा न वाचताच संपते. ती सूचना वाचावी, आराखडा पाहावयास जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : पाणी कोठून येणार, गाडी केव्हा येणार, आणि ज्याची जमीन आहे त्याच्याकडे किती गुंठे उरणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी.