अकलोलीचं ऊन पाणी

कोलशेतच्या खाडीकाठी मे महिन्यात कुणी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरत असेल, तर तो हौसेनं घातलेला नसतो. बऱ्याचदा त्या बाह्यांखाली सोरायसिसच्या खपल्या असतात, कोडाचे डाग असतात किंवा वर्षानुवर्षं न हटलेलं इसब असतं. एकेकाळचं हे कोळी-आगऱ्यांचं गाव आता टॉवरांनी भरलं, तरी खाडीची दमट हवा तीच आहे. पावसाळ्यात या हवेत नायटा, गजकर्ण यांचं चांगलंच फावतं. मग घरातलं एखादं मोठं माणूस म्हणतं, ‘एकदा वज्रेश्वरीला जाऊन ये.’

बाळकुम, कशेळीचा पूल, भिवंडी, अंबाडी ही ओळखीची वाट. रस्ते धड असतील, तर दीडेक तासात तानसा नदीचा काठ येतो. तिथे टेकडीवर वज्रेश्वरीचं देऊळ आहे, तटबंदीमुळे किल्ल्यासारखं दिसणारं. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन, असं चिमाजी अप्पांनी देवीला बोलल्याचं सांगतात. वसई 1739मध्ये सर झाली आणि नवस फेडला गेला. पण कातडीचं दुखणं घेऊन येणारा माणूस देवीला हात जोडून सरळ अकलोलीकडे वळतो. तिथे नदीलगत बांधीव कुंडं आहेत. पुढे गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाशी आणखी काही कुंडं आहेत. स्वामी नित्यानंद 1936मध्ये या गावात येऊन राहिले आणि 1961मध्ये इथेच समाधिस्थ झाले, तेव्हापासून गणेशपुरीचं नाव देशाबाहेरही गेलं.

देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, अशी आख्यायिका. भूगर्भशास्त्राचं म्हणणं कमी रक्तरंजित आहे. इथे जिवंत ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरमधल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. इथलं पाणी 50 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं, खारट क्षारांचं आणि गंधकाचा किंचित वास असलेलं.

या पाण्यानं रोग बरा होतो का? सोरायसिस मुळात शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या बिघाडाचा आजार, तो कुंडात धुऊन जात नाही. खपल्या मऊ होतात, सांधे सैलावतात, थोडा वेळ बरं वाटतं, एवढं खरं. इसबाच्या कोरड्या त्वचेला मात्र कढत पाणी आणखी कोरडी करतं आणि कंड वाढतो.

तरीही माणसं पुन्हा पुन्हा येतात, त्याचं कारण मला पाण्याबाहेर दिसतं. कुंडाच्या पायरीवर शर्ट काढावाच लागतो. शेजारी बसलेल्याच्या कोपरांवरही तेच चट्टे असतात. ‘किती वर्षं झाली?’ एवढ्या एका प्रश्नावर गप्पा सुरू होतात. मलमं, वैद्य, पथ्य आणि ‘मुलीच्या लग्नात अडचण येईल का’ इथपर्यंत त्या पोचतात. सोरायसिस स्पर्शानं पसरत नाही, हे डॉक्टरनं दहादा सांगूनही न पटलेला माणूस इथे निदान दुसऱ्याला ते सांगत असतो.

नॉर्वेनं हीच गोष्ट ठरवून, सरकारी खर्चानं केली. 1976पासून तिथले काही रुग्ण हवामान-उपचारासाठी परदेशी पाठवले जातात. सोरायसिसवाल्यांना कनारी बेटांवर तीन आठवडे, गटानं. ऊन रोज मोजून दिलं जातं, सुरुवातीला थोडं, मग वाढवत. सोबत डॉक्टर, परिचारिका, व्यायाम, आजाराची शिकवणी आणि एकमेकांशी बोलणं. घरी परतल्यावर काही महिन्यांत चट्टे पुन्हा उमटतात, हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणून आजार सांभाळायला शिकवण्यावर भर असतो. मृत समुद्राकाठीही असे उपचार चालतात. तो समुद्रसपाटीहून 400 मीटरपेक्षा खाली आहे, त्यामुळे तिथलं ऊन हवेच्या जाड थरातून गाळून येतं आणि त्वचा सहज भाजत नाही.

आपल्याकडे ऊन फुकट आहे, कुंडं आहेत, माणसं आपणहून जमतात. कमी आहे ती पायरीवर बसून बोलणाऱ्या जाणकाराची. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातल्या त्वचारोग विभागानं महिन्यातून एक दिवस इथे गट आणला, तर खर्च एका बसचा. तसं होईपर्यंत अकलोलीत औषध बंद करून येणारे भेटत राहतील, आणि नायट्यावर दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून तो अंगभर पसरवून घेतलेलेही.

जायचं तर थंडीत, सकाळी लवकर जावं. चैत्र अमावास्येच्या जत्रेत कुंडावर पाय ठेवायला जागा नसते. नायटा, खरूज किंवा वाहती जखम असेल, तर सामायिक कुंडात उतरू नये. बाकीच्यांनी पाण्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. निघताना साध्या पाण्यानं अंग धुवावं आणि ते ओलसर असतानाच खोबरेल लावावं.