तेरावी फेरी

१९६९ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात, एका बंद स्टुडिओतल्या रिंगणात दोन अजिंक्य मुष्टियोद्धे समोरासमोर आले. एक रॉकी मार्सियानो. वय ४५, व्यावसायिक लढती ४९, विजय ४९, त्यांतले ४३ नॉकआउट. तो १९५६ मध्येच निवृत्त झाला होता. दुसरा मुहम्मद अली, वय २७, लढती २९ आणि विजयही २९. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला, म्हणून १९६७ मध्ये त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि त्याला रिंगणाबाहेर बसवले गेले. एकाचा काळ सरलेला, दुसऱ्याचा अडवून धरलेला. या दोघांची खरी लढत होणे शक्यच नव्हते. म्हणून ती कॉम्प्युटरवर लढवायची, असा घाट मरे वोरोनर या मायामीच्या रेडिओ निर्मात्याने घातला होता.

मुष्टियुद्धाच्या शौकिनांना ‘हा त्याच्याशी लढला असता तर?’ या प्रश्नाने जितके झपाटले आहे, तितके दुसऱ्या खेळाच्या शौकिनांना क्वचितच झपाटले असेल. धावपटूंच्या वेळा ताडून पाहता येतात, क्रिकेटपटूंच्या सरासऱ्या शेजारी मांडता येतात. ठोशाला मात्र समोर माणूस लागतो. तो माणूस तीस वर्षे आधी किंवा नंतर जन्मलेला असेल, तर वाद मिटवायला काहीच हाताशी उरत नाही. हा वाद यंत्राने सोडवून पाहण्याचा हा प्रयत्न मला खेळांच्या इतिहासातल्या मोठ्या नवलांपैकी एक वाटतो.

सुरुवात रेडिओवर झाली होती. १९६७ मध्ये वोरोनरने सर्व काळांतल्या १६ हेवीवेट योद्ध्यांची काल्पनिक स्पर्धा प्रसारित केली. जाणकारांकडून प्रत्येकाचा वेग, ठोशाची ताकद, मार सोसण्याची तयारी, जखम होण्याची शक्यता अशी माहिती गोळा केली, ती एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरला पुरवली, आणि बाहेर आलेल्या निकालावर लढतीचे धावते वर्णन रचले. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. अली उपांत्यपूर्व फेरीतच जेम्स जेफ्रीजकडून हरला.

अलीला हे फार झोंबले. कारण जेफ्रीज म्हणजे कोणी साधा प्रतिस्पर्धी नव्हता. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. त्याला हरवून गोऱ्यांची लाज राखावी म्हणून निवृत्त जेफ्रीजला १९१० मध्ये पुन्हा रिंगणात उतरवले गेले होते. ४ जुलैला रीनो शहरात जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत लोळवले. हाच जॉन्सन अलीला आपला पूर्वज वाटे. त्या जेफ्रीजच्या हातून, तेही एका यंत्राच्या सांगण्यावरून हरणे त्याला कसे पचावे? त्याने बदनामीबद्दल दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोडीत त्याला दहा हजार डॉलर मिळाले आणि मार्सियानोबरोबरचा चित्रपट ठरला.

या चित्रीकरणासाठी मार्सियानोने वीस किलोंहून अधिक वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. एकेक मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या चित्रित झाल्या. डोक्यावरचे ठोसे आवरते घेतलेले, अंगावरचे बरेचसे खरे, आणि रक्त म्हणून केचप. शेवटही अनेक तऱ्हांचे घेतले आणि खरा कोणता ते दोघांनाही सांगितले नाही. चित्रीकरण संपल्यावर तीनच आठवड्यांनी, ३१ ऑगस्ट १९६९ ला, आयोवा राज्यात छोटे विमान कोसळून मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी तो ४६ वर्षांचा झाला असता.

२० जानेवारी १९७० ला सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत हा सामना दाखवला गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिले की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला नॉकआउट केले. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. यंत्र एक, लढत एक, निकाल दोन!

पण मी अडखळतो ते त्या ‘तेराव्या’ शब्दापाशी. ती फेरी यंत्राने हवेतून काढली असे वाटत नाही. २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटकडून मार्सियानोने विजेतेपद घेतले, तेही तेराव्याच फेरीत. त्या रात्री पहिल्याच फेरीत तो खाली पडला होता, कारकिर्दीत प्रथमच. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. तेरावी सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते. वॉलकॉट दोरांकडे सरकला आणि मार्सियानोचा उजवा, अगदी आखूड ठोसा त्याच्या हनुवटीवर बसला. वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला, गुडघा टेकला आणि तो घसरत खाली गेला. याआधी १९४१ मध्ये बिली कॉन हा कितीतरी हलका योद्धा गुणांवर विजेत्या जो लुईच्या पुढे होता, आणि तोही तेराव्या फेरीतच पडला.

आज तेरावी फेरी नाही. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या मुष्टियुद्ध संस्थेने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या, आणि पुढे बाकीच्या संस्थाही त्याच वाटेने गेल्या. थकलेल्या मेंदूवर शेवटच्या फेऱ्यांत बसणारा मार फार घातक असतो, हे मानून घेतलेला हा निर्णय होता. माझ्या मते तो योग्यच होता. पण त्याने जुन्या-नव्यांची तुलना कायमची बिघडवली. आजच्या नियमांनी वॉलकॉट विजेताच राहिला असता, कॉन विजेता झाला असता, आणि ४९-० हा आकडा जन्मालाच आला नसता.

त्या आकड्यावरही वाद आहेच. मार्सियानोने हरवले त्यांतले मोठे योद्धे उतरत्या वयाचे होते: लुई ३७ वर्षांचा, वॉलकॉट ३८ चा, आर्ची मूरही चाळिशीच्या आसपास. हा आक्षेप खरा आहे. पण समोर आलेल्यांपैकी एकालाही त्याने निसटू दिले नाही, हेही तितकेच खरे. १९८५ मध्ये ४८-० वर असलेला लॅरी होम्स मायकेल स्पिंक्सकडून हरला, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली त्याच दिवशी. शेवटचे एक पाऊल किती अवघड असते ते होम्सला विचारावे.

आणि आज मार्सियानो कुठल्या गटात लढला असता? त्याचे वजन १८५ पौंडांच्या आसपास. आजचा क्रूझरवेट गटच २०० पौंडांपर्यंत जातो. टायसन फ्युरीसारखा हेवीवेट ६ फूट ९ इंच उंच आणि २६० पौंडांच्या पुढचा असतो. मार्सियानोला त्याच्या समोर उभे करणे म्हणजे दोन वेगळे खेळ एका रिंगणात कोंबणे. अलीबाबत तर यंत्राला मुळातच अपुरी माहिती मिळाली होती. १९६७ पर्यंतचा अली म्हणजे पायांचा अली, ज्याला ठोसा क्वचितच लागे. त्याला ठोसा लागला तर काय होते, हे जगाला १९७१ मध्ये जो फ्रेझरने दाखवले आणि १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनने. तिथे फेरीमागून फेरी दोरांवर रेलून फोरमनचा मार झेलणारा आणि आठव्या फेरीत त्याला पाडणारा अली कुठल्याही १९६९ च्या कॉम्प्युटरात सापडला नसता. त्या सोसण्याची किंमतही त्याने मोजली असावी. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन असल्याचे निदान झाले.

जन्मसालांमुळे चुकलेल्या लढतींची हळहळ समजते. एकाच काळात, एकाच वजनात असूनही न झालेल्या लढतींचे दुःख जास्त. कुस्तीच्या फडात जोड लागली की निकाली कुस्ती व्हावी, अशी आपली अपेक्षा असते. मुष्टियुद्धात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्थांचे चार पट्टे, प्रत्येकीची वेगळी क्रमवारी, आणि आयोजकांचे वेगवेगळ्या वाहिन्यांशी करार. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत लेनक्स लुईसने रिडिक बोला हरवले होते. १९९२ मध्ये बो विजेता झाला, तेव्हा लुईसशी लढण्याऐवजी त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. ती लढत कधीच झाली नाही. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या वाटाघाटी उत्तेजक चाचण्यांवरून अडल्या आणि दोघे २ मे २०१५ ला लढले, वय ३८ आणि ३६. अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी पैसे मोजून ती पाहिली. तोवर दोघांचा बहराचा काळ मागे पडला होता.

ही कोंडी अलीकडे फोडली ती सौदी पैशाने. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला हरवले आणि १९९९ च्या लेनक्स लुईसनंतर प्रथमच हेवीवेटचा निर्विवाद विजेता झाला. तो क्रूझरवेटमधून वर आलेला. मार्सियानोच्या बाजूने बोलणाऱ्यांना इतका चांगला साक्षीदार यापूर्वी मिळाला नव्हता. जो पैसा हे घडवतो तोच उद्या काय घडू द्यायचे ते ठरवील, ही भीती मला आहे. तरी या दोघांना एका रिंगणात पाहायला मिळाले, याचा आनंद लपवता येत नाही.

२१ डिसेंबर २०२४ ला तिथेच दोघे पुन्हा लढले, आणि या वेळी रिंगणाजवळ पुन्हा एक यंत्र होते. प्रयोग म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक पंच बसवला होता. त्याच्या गुणांना अधिकृत किंमत नव्हती. तिन्ही माणसांनी उसिकला ११६-११२ असे गुण दिले, यंत्राने ११८-११२. फ्युरीला निकाल मुळीच मान्य नव्हता. आपणच जिंकलो होतो, असे तो त्यानंतरही सांगत राहिला.