भ्रमणध्वनीची निवड

पुण्या-कोल्हापूरहून नोकरीनिमित्त बंगळूरच्या मारतहळ्ळीत बिऱ्हाड करणाऱ्यास घरापाठोपाठ भ्रमणध्वनीचाही विचार करावा लागतो. ही निवड जाहिरातीवरून न करता मोजमापावरून करावी.

भ्रमणध्वनी हे मुळात रेडिओलहरी पाठविणारे व ग्रहण करणारे यंत्र होय. लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या दूर पोचतात व भिंतींतून सुलभपणे आत शिरतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर इमारतीतील आतल्या खोलीतही बहुधा पोचते. २,३०० मेगाहर्ट्झची लहर भिंतींत बरीच क्षीण होते. मात्र वरच्या पट्ट्यांत जागा मोकळी असल्याने त्यांतून अधिक माहिती वाहून नेता येते. म्हणून कंपनीचे पट्टे आपल्या यंत्रास ग्रहण करता येतात काय, हे आधी पाहावे. आणि शेजाऱ्याचे यंत्र आपल्या खोलीत आणून सेवेची परीक्षा घ्यावी.

दराचा हिशेब दिवसावर करावा. २८ दिवसांच्या योजनेचे पैसे वर्षातून १२ वेळा नव्हे, १३ वेळा भरावे लागतात. गावी राहिलेल्या वृद्ध आईवडिलांना इंटरनेट नको असेल, तर त्याचे मोल त्यांनी का द्यावे? नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ संभाषण व लघुसंदेश यांची स्वतंत्र योजना ठेवणे कंपन्यांस बंधनकारक केले.

निवड चुकली तरी ती कायमची नसते. ३ जुलै २०१५ पासून परराज्यात गेल्यावरही जुना क्रमांक राखून कंपनी बदलता येते. हा हक्क ठाऊक असलेला ग्राहकच खरी निवड करू शकतो.