होनोलुलूत जमलं, मग बाकीच्या राज्यांत का नाही?

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेचजण सध्या सिनॉप्सिसच्या तयारीत असाल. 'अमुक उपक्रमाचा परिणाम' अशा धाटणीचा विषय घेतला असेल, तर अमेरिकेतलं हे उदाहरण समजून घ्या.

प्रोबेशन म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न ठेवता अटींवर, देखरेखीखाली बाहेर राहू देणं. हवाई राज्यात अडचण अशी होती की अटी मोडल्या तरी बराच काळ काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम काही वर्षांचा तुरुंगवास! 2004 मध्ये होनोलुलूचे न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी 'होप' हा उपक्रम सुरू केला. अट मोडली की लगेच अटक, पण तुरुंगवास थोड्याच दिवसांचा. शिक्षा मोठी नसली तरी चालेल, ती नक्की व्हायला हवी, हे त्यामागचं सूत्र.

2009 मध्ये अँजेला हॉकेन आणि मार्क क्लायमन यांचा अभ्यास आला. कोण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं होतं. वर्षभरात नेहमीच्या प्रोबेशनवरच्या 47 टक्के लोकांना नव्या गुन्ह्यासाठी अटक झाली. 'होप'मध्ये 21 टक्के. साहजिकच इतर राज्यांनीही हे मॉडेल उचललं.

पुढे आर्कान्सा, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन आणि टेक्सासमधल्या एकेका काउंटीत, 1,500 हून अधिक लोकांवर हाच प्रयोग पुन्हा झाला. 2016 मध्ये निष्कर्ष आले: पुन्हा अटक होण्याच्या प्रमाणात एकूण लक्षणीय फरक नाही.

मग पहिला अभ्यास चुकीचा होता का? घाई करू नका. तुलना कशाशी झाली ते बघा. हवाईत नेहमीची देखरेखच ढिली होती. जिथे ती आधीच बरी असेल, तिथे फरक कमीच दिसणार. शिवाय आल्म यांच्यासारखा मागे लागणारा न्यायाधीश सगळीकडे नसतो. नुसत्या अटकेच्या आकड्यावरून यातलं खरं कारण कोणतं, हे कळत नाही.

म्हणून आराखड्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. 'पुन्हा गुन्हा' कशावरून ठरवणार: अटक, दोषसिद्धी, की तुरुंगात परतणं? किती काळ मोजणार? आणि तुलनेच्या गटाला नेमकं काय मिळतंय? तिसरा प्रश्न आपण हमखास विसरतो.

इथे चुकलं तर नुसते गुण जात नाहीत. अशा निष्कर्षांवर राज्यं धोरणं आखतात आणि त्यापायी खरी माणसं तुरुंगात दिवस काढतात.