दुष्काळाच्या छायाचित्राखालची ओळ कोणाची?

1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत पश्चिम भारतातील उपासमारीची छायाचित्रे अमेरिकन साप्ताहिकांतून हजारो घरांत पोहोचली; पण त्यांखालची चित्रओळ, म्हणजे दृश्यात कोण आहे आणि काय घडते आहे हे सांगणारा दोन-तीन वाक्यांचा मजकूर, नेमका कोणी लिहिला हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासाशी तो निकटचा आहे, कारण 1831 पासून येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. रॉबर्ट ह्यूम हे 1900 सालच्या अमेरिकन मदतकार्याचे एक प्रमुख सूत्रधार होते.

हातात धरून वापरता येणारा कोडक कॅमेरा 1888 साली बाजारात आला, आणि छायाचित्राच्या छटा बारीक ठिपक्यांत उतरवणाऱ्या हाफटोन ठशामुळे ते मजकुरासोबत स्वस्तात छापता येऊ लागले. चित्र टिपणारा मिशनरी दख्खनमध्ये किंवा गुजरातेत असे, सोबत तो पत्र धाडी, बोटीने ते महिन्याभराने अमेरिकेत पोहोचे आणि तेथील संपादक त्यातून देणगीदाराला हेलावेल असे वाक्य रचून, बहुधा स्वाक्षरीवाचून, छापी. चित्रातल्या माणसाचे नाव, गाव, तो दुष्काळी कामावर खडी फोडत होता की अन्नछत्राच्या दारी बसला होता, हे सारे या प्रवासात गळून पडे. तरीही या चित्रांचे मोल नाकारता येत नाही: ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाने वाचकांना केलेल्या आवाहनातूनच 1900 साली ‘क्विटो’ जहाज मका घेऊन मुंबईला आले, आणि त्या धान्याने माणसे जगली.

याच काळात ‘केसरी’ आणि पुण्याची सार्वजनिक सभा ‘फॅमिन कोड’, म्हणजे दुष्काळात सरकारने कोणती मदत द्यावी हे ठरवणारे नियम, शेतकऱ्यांना समजावून देत होती. त्याची किंमत म्हणून 1897 साली सभेची सरकारमान्यता गेली. ‘केसरी’च्या मजकुरातील शेतकरी सारामाफीचा हक्क मागणारा होता, तर परदेशी चित्रओळीतील शेतकरी केवळ दयेस पात्र असलेला देह होता. दुष्काळ एकच असताना माणसाच्या प्रतिमेत एवढे अंतर पडले, आणि जगाच्या स्मरणात दुसरी प्रतिमाच ठसली, ही मराठी इतिहासलेखनाने गंभीरपणे घ्यावी अशी हानी आहे.

पूर्वीचे उदाहरण अधिक कठोर आहे. लष्करी अधिकारी विलोबी वॉलेस हूपर यांनी 1876-78 च्या मद्रास दुष्काळात भुकेलेल्यांना रांगेत बसवून छायाचित्रे काढली, आणि त्यांना मदत न करताच परत धाडले, असा आरोप तेव्हाच झाला. ती छायाचित्रे आजही 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची म्हणून छापलेली आढळतात. नगरच्या संदर्भातील चित्रे अभ्यासताना मूळ छापील अंक, मिशनचे वार्षिक अहवाल, 1842 साली याच शहरात सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक आणि जिल्हाधिकाऱ्यांचे दुष्काळी कागद ताडून पाहिल्याखेरीज कोणत्याही चित्रओळीतील स्थळ-काळ पुरावा म्हणून उद्धृत करणे योग्य नाही.