खिडकीपलीकडचा माणूस

जून-जुलैचे दिवस. एकीकडे सोयाबीनची पेरणी, दुसरीकडे पोराची अ‍ॅडमिशन. बापाने बी-भरणाच्या पैशातून थोडे बाजूला काढलेले असतात. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कॉलेजात ऑफिसच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते. खिशात सातबारा, हातात पिशवी. नंबर आला की आतून आवाज येतो, "उत्पन्नाचा दाखला कुठं हाय?" बाप म्हणतो, "साहेब, तलाठी आप्पा भेटलेच न्हाईत, आठ दिस झाले हेलपाटे घालतोय." मग खिडकीपलीकडचा माणूस काय बोलतो, यावर पुष्कळ काही ठरते. "नंतर या" म्हणाला तर कधी कधी पोरगं परत कॉलेजात दिसतच नाही. "बसा मामा, तोवर फॉर्म भरून घेऊ, दाखला मागून जोडा" म्हणाला तर तेच पोरगं तीन वर्षांनी पदवीधर होते.

आपल्याकडे कॉलेज म्हटले की प्राध्यापक आठवतात. पण शिकवणाऱ्यांच्या मागे दुसरी एक फौज उभी असते. शिष्यवृत्तीचा लिपिक, कार्यालय अधीक्षक, ग्रंथपाल, वसतिगृहाचा रेक्टर, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी, विद्यापीठातले सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव ही ती माणसे. प्राचार्य आणि कुलगुरू निर्णय घेतात. तो निर्णय खेड्यातल्या लेकरापर्यंत पोचवायचे काम ही फौज करते.

घराजवळचे विद्यापीठ

नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० साली सुरू झाले तेव्हा परीक्षेचा कारभार हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होता. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ झाले. तरी नांदेड-लातूरच्या पोराला गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास एस.टी.चा प्रवास करावा लागे. भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी वेगळीच.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ साली वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. पहिले कुलगुरू होते डॉ. जनार्दन वाघमारे. त्याआधी ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे ते लातूरचे नगराध्यक्ष झाले, राज्यसभेवरही गेले. कॉलेज चालवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती आपल्या मातीतल्या माणसाला जमते, हे या उदाहरणावरून कळावे.

पण नवे विद्यापीठ एकटा कुलगुरू उभे करू शकत नाही. परीक्षेचे वेळापत्रक, उत्तरपत्रिकांची ने-आण, निकाल, पदवी प्रमाणपत्रे, हिशेब हे सगळे कार्यालयाने पेलायचे असते. विद्यापीठ घराजवळ आल्याचा खरा फायदा तिथेच दिसतो. सकाळी गावातून निघालेला बाप काम उरकून संध्याकाळी धारेला घरी परततो.

पैसा अडतो कुठे?

आता शिष्यवृत्तीचे पाहू. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. विद्यार्थी भरतो, कॉलेज तपासून पुढे पाठवते, संबंधित खाते मंजुरी देते आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्यात रक्कम येते. या साखळीत कॉलेजची कडी सैल पडली तर अर्ज तिथेच पडून राहतो. कधी चूक आपलीही असते. खाते आधारशी जोडलेले नसते, दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही.

अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिकणाऱ्यांसाठी आहे. २०२४ साली सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात परीक्षा शुल्क माफीची सवलतही दिली जाते. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. अशा वर्षी परीक्षा फीचे पैसे घराला जड होतात. माफी कागदावर असते, पण पात्र मुलांची यादी वेळेवर करणारा माणूस ऑफिसात असेल तरच ती घरात पोचते.

गावाचे काम

म्हणून ही जबाबदारी एकट्या कॉलेजवर टाकून चालणार नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, पण तलाठ्याच्या अहवालावर. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले तरी रांग तीच आहे. बारावीच्या निकालाच्या आधीच, एप्रिल-मे महिन्यात, गावातल्या बारावीच्या मुलांची यादी करून एका दिवशी सर्वांचे कागद मार्गी लावले तर जूनमधले निम्मे हेलपाटे वाचतील. ग्रामपंचायतीला यासाठी वेगळा निधी लागत नाही. जात पडताळणीचे प्रकरण तर अकरावीतच दाखल करावे. वैधता प्रमाणपत्र हातात नसले की व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव जागा धोक्यात येते.

राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर हा गाव आणि कॉलेज यांच्यातला दुसरा दुवा आहे. १९६९ सालापासून ही योजना चालू आहे. सात दिवसांचे शिबिर बहुधा खेड्यातच होते. सरपंचांनी पोरांना जेवणखाण, मुक्काम जरूर द्यावा, पण तेवढ्यावर थांबू नये. सोबत आलेल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला चावडीवर बसवून आपल्या गावातल्या मुलांच्या अडचणी सांगाव्यात. ती ओळख वर्षभर उपयोगी पडते.

आपली पोरं तिकडे का नकोत?

शेतकऱ्याच्या पोराला तलाठी, पोलीस, शिक्षक या नोकऱ्या माहीत असतात. विद्यापीठाच्या कार्यालयात अधिकारी होता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लिपिकाच्या जागेसाठी साधारणपणे पदवी, टंकलेखन आणि संगणकाचे ज्ञान लागते. सहायक कुलसचिवासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण पाहिले जातात. ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. कुलसचिवपदापर्यंत जायला पंधरा वर्षांचा अनुभव हवा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास संचालक हे पदही ठेवले आहे. युवक महोत्सव, कमवा व शिका अशी कामे त्या विभागाकडे असतात.

अर्थात, जागा वेळेवर भरल्या जात नाहीत, हे खरेच आहे. अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्याची खुर्ची रिकामी राहते आणि एकाच लिपिकाच्या टेबलावर तिघांचे काम येते. मग तोही वैतागतो आणि खिडकी लवकर बंद होते. आमदार-खासदारांकडे रस्ता, पूल, सभामंडप मागताना या रिकाम्या खुर्च्यांचीही आठवण करून द्यावी. रस्त्याइतकीच त्यांचीही गरज आहे.

आणि ज्याच्या बापाने कधीकाळी त्या खिडकीपुढे उन्हात वाट पाहिली, तोच पोरगा उद्या खिडकीपलीकडे बसला, तर पुढच्या बापाला "नंतर या" म्हणताना त्याची जीभ नक्कीच अडखळेल.